वाळूच्या पेटीत अडकलेले बोर्ड

ॲक्रिलिक कापलं की भुसा पडतो. सकाळी झाडा, दुपारी परत तेवढाच. कुणी मुद्दाम करत नाही, काम चाललं की साठतो. आमच्या वर्कशॉपमधल्या किश्शांचं तसंच आहे. फरक इतकाच, की भुसा झाडून टाकता येतो. किस्से मात्र फ्रान्सिस जपून ठेवतो आणि दुपारी जेवणाचा डबा उघडला की एकेक बाहेर काढतो. त्यात तो मसाला घालतो. म्हणून म्हटलं, मीच लिहून टाकावेत. जसे झाले तसे.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात माझं बोर्डांचं वर्कशॉप आहे. दुकानांच्या पाट्या, दिव्यांची अक्षरं, बाण, नंबर, सगळं. मी सातवीपर्यंत शिकलो. ब्रशने पाट्या रंगवत या देशात आलो. आता कापायला मशीन आहे, पण पाटी सरळ आहे की वाकडी ते अजून मीच सांगतो.

फ्रान्सिस वसईचा. बोर्ड उचलून जागेवर बसवायचं काम त्याच्याकडे. शुभदाबाई डिझाइन करतात. राहतात दुबईतच, करामाला. आर्ट स्कूलमध्ये शिकलेल्या, पण लग्नानंतर मुलीच्या मागे घरीच होत्या. मुलगी मोठी झाली तेव्हा माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काका, इतकी वर्षं पोळीशिवाय कशाला आकार दिला नाही. मला हे काम हवंय."

मी म्हटलं, "ईदपर्यंत बघतो. जमलं तर कायम. नाही जमलं तर खलास."

मी बोलतो ते करतो. त्यांनाही ते कळलं होतं.

आता राहिला त्यांचा नवरा मिलिंद. दुबई मरीनातल्या एका ऑफिसात आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो नसता तर यातला एकही किस्सा झाला नसता.

*

आमच्या कॉम्प्युटरवरचं डिझाइनचं सॉफ्टवेअर चोरीचं निघालं. आधीच्या डिझायनरने टाकलेलं. कळलं त्या दिवशी मी ते काढायला लावलं. चोरीच्या हत्याराने मी काम करत नाही.

मिलिंद म्हणाला, "काका, ओपन सोर्स टाकू. फुकट आणि कायदेशीर. जगभरची माणसं मिळून बनवतात."

"त्यांना पगार कोण देतं?"

"बऱ्याच जणांना कुणीच नाही."

"मग बिघडलं तर बोलायचं कुणाला?"

मला काही ते पटलं नाही. तरी एका शनिवारी येऊन त्याने सगळं बसवलं. जाताना मोठ्या कौतुकाने म्हणाला, "प्रत्येक प्रोग्रॅम मी सँडबॉक्समध्ये ठेवलाय. वाळूची पेटी समजा. तो आपल्या पेटीत राहणार. बाहेरची एकही फाइल त्याला दिसणार नाही. आपण परवानगी दिली तरच."

मी म्हटलं, "दुबईत येऊन तुला वाळू फुकट मिळाली, आणि त्यात तू खूश?"

फ्रान्सिस म्हणाला, "सेठ, म्हणजे लेबर कॅम्पचा गेटपास. दाखवला तर बाहेर, नायतर बस आत."

"एक्झॅक्टली!" मिलिंद आनंदाने म्हणाला.

फ्रान्सिसला आनंद झाला नाही. त्याने कॅम्पात दिवस काढलेत.

*

पहिलंच गिऱ्हाईक आलं. पेशावरचा टायरवाला. अंगाने दारात मावत नव्हता. खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाला, "सब इसी में है."

बाईंनी पेन ड्राइव्ह लावला. कॉम्प्युटरला दिसला. डिझाइनच्या प्रोग्रॅमला दिसला नाही.

काढला, फुंकर मारली, परत लावला. कॉम्प्युटर म्हणतो, आहे; प्रोग्रॅम म्हणतो, नाही. एकाच टेबलावर!

बाईंनी मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "हां, ते एक्स्पेक्टेड आहे. त्या ॲपला पेन ड्राइव्ह बघायची परमिशन नाही."

मी फोन हातात घेतला. "गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि तुझ्या माणसाला ते दिसत नाही. हे तुला अपेक्षितच होतं?"

"काका, सिक्युरिटीसाठी आहे. एखादी फाइल डेंजरस असू शकते."

"टायरचा फोटो आहे!"

टायरवाला शांतपणे ऐकत होता. त्याने पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, पहले इसको चश्मा लगवाओ. फिर मैं आता हूँ."

*

एका बर्गरवाल्याचं काम आलं. त्याने फाइल ईमेलने पाठवली, सोबत बर्गरचे फोटो वेगळे. बाईंनी सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून फाइल उघडली. प्रोग्रॅमने परवानगी मागितली, बाईंनी दिली. उघडली! मी म्हटलं, चला.

बघतो तर पाटीवर बर्गर नाहीत. बर्गरच्या जागी नुसत्या फुल्या.

मिलिंदचं म्हणणं असं, "तुम्ही त्या एका फाइलला परमिशन दिलीत. ती ज्या फोटोंना बोलावते, त्यांना नाही दिलीत. त्यामुळे ते बाहेर राहिले."

"एकाच फोल्डरमध्ये आहेत रे," बाई म्हणाल्या. "शेजारी शेजारी!"

"शेजारी असले तरी प्रत्येकाला वेगळी परमिशन लागते."

फ्रान्सिस मागून म्हणाला, "समजलं. नवऱ्याला व्हिसा झाला, फॅमिलीला नाय झाला."

त्याची बायको-मुलं वसईला असतात. मी सगळ्यांना कामाला लागा म्हटलं.

*

एक छोटा किस्सा. एकदा जुनी फाइल उघडली. उघडली चांगली. बाईंनी दुपारभर बसून तिच्यातली अक्षरं सुधारली. सेव्ह करायला गेल्या तर प्रोग्रॅम नाही म्हणतो. फाइलला फक्त बघायची परवानगी होती.

"बदल करायला दिले कशाला मग?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "काका, दागिन्यांच्या दुकानात पण गळ्यात घालून बघू देतात. घरी नेऊ देत नाहीत."

मी हसलो नाही. फ्रान्सिस अजून हसतो आहे.

*

दुबई मरीनातलंच, पण मिलिंदचं नव्हे, असं एक ऑफिस गिऱ्हाईक होतं. कन्सल्टन्सी म्हणे. काय कन्सल्ट करतात ते मी विचारलं, मला दोनदा सांगितलं, दोनदा कळलं नाही. पाटीवर वर अरबी, खाली इंग्रजी. अरबी लागतंच इथे.

अरबी अक्षरांचा फॉन्ट ज्या जागी ठेवलेला होता, ती जागा प्रोग्रॅमच्या पेटीबाहेर. त्यामुळे अरबीच्या जागी नुसते चौकोन आले. ओळीने रिकामे चौकोन, फरशीसारखे. बाईंच्या लक्षात यायच्या आत त्यांच्या हातून ते डिझाइन नमुना म्हणून गेलं.

बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "गेलं, काका. आता ते काम काढून घेतील."

माफी मागायला मी मरीनाला गेलो. चूक माझ्या दुकानाची, तोंड मी दाखवणार. काचेच्या ऑफिसात बसलो. सूट घातलेला एक मुंबईचा माणूस आला. हातात आमचा नमुना.

"अंकल," तो म्हणाला, "हे वरचे बॉक्सेस. ब्रिलियंट! सो मिनिमल. आमच्या टीमला खूप आवडले. फक्त एकच. अजून थोडे स्पेस देता येतील का?"

मी म्हटलं, "तिथे तुमच्या कंपनीचं नाव यायचं आहे."

त्याने नमुना हात लांब करून धरला. मग म्हणाला, "नावाची गरज आहे का?"

*

मिलिंदला एकदा त्याच्याच वाळूत पडलेलं मी पाहिलं. शनिवारी बाईंना न्यायला आला होता. बाईंचं काम संपेना, म्हणून स्वतःचा लॅपटॉप उघडून बसला. पासपोर्टची कॉपी कुठेतरी पाठवायची होती. त्याच्या लॅपटॉपवरही हेच सगळं.

तो फाइल धरून ओढतो आणि इंटरनेटच्या पानावर सोडतो. पान घेत नाही. परत ओढतो, परत सोडतो. फ्रान्सिस हातातलं ड्रिल थांबवून बघत उभा.

"काय सर, मदत पायजे?"

"नको नको. परमिशन इश्यू आहे."

"तुमचाच पासपोर्ट ना?"

 इकडेतिकडे बघून मिलिंदने खिशातून मोबाइल काढला, लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या पासपोर्टचा फोटो काढला आणि मोबाइलवरून पाठवून दिला.

मी बघतोय हे त्याला दिसलं. म्हणाला, "काका, याला वर्कअराउंड म्हणतात."

मी म्हटलं, "आमच्याकडे याला हार म्हणतात."

*

आता हसण्यातलं नाही ते सांगतो.

एका शाळेच्या बसेससाठी स्टिकर करायचे होते. बाईंनी मान मोडून काम केलं. शेवटी सेव्ह केलं आणि घरी गेल्या. सकाळी फाइल नाही. डॉक्युमेंट्समध्ये नाही, डेस्कटॉपवर नाही, कुठेच नाही.

मिलिंद रजा घेऊन आला. हे त्याचं चांगलं, येतो. थोडा वेळ खटपट करून म्हणाला, "फाइल आहे. प्रोग्रॅमने ती स्वतःच्या पेटीतल्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवलीय. पेटीच लपलेली असते, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

बाई खुर्चीत बसल्या. "आहे ना? मग दे काढून."

"देतो. आधी हा प्रोग्रॅम काढून नीट टाकतो. याची सेटिंग्ज बिघडलीत."

"आधी फाइल काढ रे!"

"एक मिनिट गं. मला माहितीय मी काय करतोय."

प्रोग्रॅम काढताना स्क्रीनने काहीतरी विचारलं. त्याने न वाचता हो म्हटलं. जगाला वाचून परवानगी द्या सांगणारा माणूस!

प्रोग्रॅम गेला. त्याची पेटी गेली. पेटीतलं सगळं गेलं.

 मग मिलिंद घसा साफ करून म्हणाला, "ॲक्च्युअली, हे बाय डिझाइन आहे."

बाई म्हणाल्या, "डिझाइनच तर गेलं, मिलिंद!"

शाळेला मी स्वतः फोन केला. काम हातचं गेलं. मग बाईंना समोर बसवून सांगितलं, "तुमचा हात चांगला आहे. ते मला दिसतं. पण गिऱ्हाइकाला पाटी दिसते, हात दिसत नाही. अजून एक काम असं गेलं तर ईदची वाट बघणार नाही."

"समजलं, काका," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. मला ते आवडलं, पण तसं मी बोललो नाही.

"आणि हा कॉम्प्युटर मराठीत करा. माझ्या दुकानात कोण कशाची परवानगी मागतं ते मला वाचता आलं पाहिजे."

*

तसं मराठी त्यात होतं. कुणीतरी, कुठेतरी बसून, फुकट भाषांतर केलेलं. बाईंनी ते लावलं. मिलिंद हसला. म्हणाला, "आता तर काहीच कळणार नाही." मला अर्धं कळत होतं. आधी काहीच कळत नव्हतं.

करामात फराळाचं नवीन दुकान उघडायचं होतं. मालकीण रत्नागिरीच्या. सकाळी उद्घाटन, आदल्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडे पाटी तयार नाही. चकल्या, करंज्या, लाडू यांचे फोटो काढायलाच त्यांनी उशीर केला. फोटो आले ते आम्ही कामं साठवायच्या वेगळ्या डिस्कवर ठेवले. आणि प्रोग्रॅमला डिस्क दिसेना!

मालकीणबाई माझ्यासमोर स्टुलावर. "काका, पाहुण्यांना बोलावून बसलेय हो. भिंतीवर नुसत्या वायरी लोंबतायत."

मशीनपाशी फ्रान्सिस. "मॅडम, यल्ला, चला लवकर! मशीन गरम करून ठेवलीय."

मी शुभदाबाईंच्या मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "संध्याकाळी हा बोर्ड गाडीत चढला नाही, तर उद्यापासून येऊ नका."

त्यांनी मिलिंदला फोन लावून टेबलावर ठेवला. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मी मीटिंगमध्ये आहे," तो कुजबुजला. "परमिशन्स उघड. फक्त त्या एका फोल्डरचा पत्ता दे."

"दिला. होत नाही."

"परत दे."

"परत दिला. होत नाही, मिलिंद. खाली बरीच बटणं आहेत. त्यातलं एखादं दाबू का?"

"अजिबात नाही! त्यात एक होस्ट असेल. होस्ट म्हणजे अख्खा कॉम्प्युटर. ते ऑन केलंस तर प्रोग्रॅमला सगळं मोकळं. मग एवढं सँडबॉक्स कशाला केलं मी? मी संध्याकाळी येऊन करतो, इन्शाल्ला. तोवर मला विचारल्याशिवाय काहीही अलाऊ करायचं नाही. प्रॉमिस?"

"संध्याकाळी माझी नोकरी नसेल."

"ओव्हररिॲक्ट करू नकोस. बॉस बघतोय, ठेवतो."

फोन बंद. मालकीणबाईंनी स्टुलावरूनच माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे बघत होतो.

त्या स्क्रीनकडे बघत होत्या. "होस्ट कुठेच नाही इथे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी चष्मा लावला आणि वाकून एकेक ओळ वाचायला लागलो. मुद्रक. ध्वनी. जाळे. मग एक ओळ आली. मी ती मोठ्याने वाचली. "यजमानांच्या सर्व फाइली पाहण्याची व बदलण्याची परवानगी."

फ्रान्सिस मशीन सोडून आला. "यजमान म्हणजे मिलिंदसर ना?"

"गप रे," मी म्हटलं.

मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

शुभदाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी ते बटण दाबलं. प्रोग्रॅम बंद करून परत उघडला. चकल्या आल्या. करंज्या आल्या. लाडू आले. सगळे एकदम, रांगेत.

"यल्ला!" फ्रान्सिस ओरडला आणि मशीनकडे धावला.

पाटी कापली, दिवे बसले, मी सूत धरून बघितली. सरळ होती. ऊन उतरायच्या आत बोर्ड गाडीत चढला, मालकीणबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. गाडी गेटबाहेर गेली तेव्हा मी शुभदाबाईंना म्हटलं, "ईदची सुट्टी संपली की वेळेवर या. तुम्ही कायम. कामाच्या व्हिसाचं मी बघतो."

"येते, काका," त्या म्हणाल्या, आणि स्वच्छ असलेलं टेबल परत पुसायला लागल्या.

त्यांना न्यायला मिलिंद आला. आल्या आल्या टाय सैल करत कॉम्प्युटरपुढे बसला. "चला, बघू दे काय प्रॉब्लेम आहे." एक पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि ताडकन उभा राहिला.

"शुभदा! हे कुणी ऑन केलं? अख्खं उघडं ठेवलंय! मी सांगितलं होतं ना, मला विचारल्याशिवाय अलाऊ करायचं नाही?"

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"यजमानांना विचारलं की," त्या म्हणाल्या. "ते इथे स्क्रीनवरच होते. लगेच हो म्हणाले. त्यांना मीटिंग नव्हती."